खळ्यावरचे जुने तेलाचे डाग

(रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आज बोलायचं आहे ते बियाण्याबद्दल नाही, खताबद्दल नाही आणि तुडतुड्यांबद्दलही नाही. आज बोलायचं आहे आपल्या खळ्याबद्दल, आणि खळ्यावर पडलेल्या काळ्या डागांबद्दल. तुम्ही म्हणाल, डागाबद्दल काय बोलायचं? डाग काय पिकाला खातो? तर बंधूंनो, खातो. कसा खातो ते आधी पाहू आणि मग तो काढायचा कसा ते पाहू.

आपला ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीचा भाग, तसाच वैनगंगेपलीकडचा वडसा-आरमोरीचा भाग, हा सगळा धानाचा मुलूख. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण धान दोन्ही काठांवर तेच. पूर्वी खळे मातीचे असे. ठोकून, शेणाने सारवून ते तयार करायचे आणि त्यावर बैल फिरवून धान चुरायचे. आता घरापुढे सिमेंटचा कोबा झाला. त्याच कोब्यावर ट्रॅक्टर उभा राहतो, मळणीयंत्र उभे राहते, पंपाचे इंजिन दुरुस्तीला ठेवले जाते. दिवाळी झाली, मंडईचे दिवस आले की त्याच कोब्यावर धान वाळत पडते. म्हणजे गाडीची जागा तीच आणि अन्नाची जागाही तीच. सगळी गोम इथे आहे.

डागाने नुकसान किती?

थोडा हिशेब करू. वाळवताना धानाचा थर साधारण ४ सेंटिमीटरचा असतो. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा डाग असेल, तर त्यावर २० ते २५ किलो धान बसते. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. वाळत घातलेले धान आपण दर अर्ध्या तासाने पाय देऊन नाहीतर दंताळ्याने फिरवतो. म्हणजे डागावरचे धान सगळ्या खळ्यात मिसळते. संध्याकाळी ढीग केला की चांगल्या धानालाही डिझेलचा वास.

खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्याच नियमात आणखी एक अट आहे, ती फारशी कोणी ध्यानात घेत नाही. धान स्वच्छ, कोरडे आणि दुर्गंधी नसलेले असावे, अशी ती अट आहे. ओलावा मोजायला यंत्र लागते, वास घ्यायला नाकच पुरते. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. ४० किलोचा एक कट्टा परत आला तर साडेनऊशे रुपयांच्या आसपास माल परत आला. दहा कट्टे परत आले तर काय, ते तुम्हीच मोजा.

बारीक धानाचे तर विचारूच नका. आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेले एचएमटी धान दूरवर गेले ते भाताच्या चवीवर. अशा भाताला जळक्या ऑइलचा वास आला तर गिऱ्हाईक तो दुसऱ्यांदा घेईल का? आणि विकायचे बाजूला ठेवा. ढोलीत भरून ठेवतो ते धान आपलीच लेकरंबाळं वर्षभर खातात.

दुसरे नुकसान गुरांचे. खळ्यावर पडलेली तणीस गुरे खातात. तेलाची जागा चाटायची सवयही काही गुरांना असते. डिझेल किंवा ऑइल पोटात गेले तर जनावराचे पोट बिघडते, रवंथ बंद होते. ते श्वासनलिकेत उतरले तर फुफ्फुसाला सूज येते. अशा जनावराला घरच्या घरी नळीने काही पाजू नये, कारण तेच पुन्हा छातीत उतरायची भीती असते. थेट जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे.

तिसरे नुकसान पाण्याचे. तेल पाण्यावर पसरते ते फार पातळ पसरते. माणसाच्या केसाच्या सत्तराव्या भागाइतका पातळ थर धरला, तरी एक लिटर तेल एक हजार चौरस मीटर पाणी झाकते. एक हजार चौरस मीटर म्हणजे जवळपास दहा गुंठे. एवढी बोडी किती जणांच्या शेतात आहे? पहिल्या पावसात खळ्यावरचे तेल वाहत नालीला लागते, नालीतून बोडीत जाते, नाहीतर अंगणातल्या विहिरीकडे वळते. म्हणून डाग काढताना ते तेल नुसते धुऊन शेजारच्या दारात ढकलायचे नाही, ते उचलून घ्यायचे. आजच्या भाषणातली ही मुख्य गोष्ट.

जुना डाग निघत का नाही?

सिमेंटचा कोबा दिसायला घट्ट, पण आतून तो भाकरीसारखा आहे. कोबा घालताना जे जास्तीचे पाणी उडून जाते, ते मागे केसापेक्षाही बारीक वाटा ठेवून जाते. तेल पडले की दिव्याच्या वातीत चढावे तसे ते त्या वाटांत शिरते. ताजे असेल तोवर वरच्यावर असते. दिवस गेले की त्यातला पातळ भाग उडून जातो आणि जड भाग आत राहतो. वरून धूळ बसते, काजळी बसते, ऊन बसते आणि त्याची खपली तयार होते. आपण वरून कितीही पाणी ओतले तरी पाणी त्या वाटांत शिरत नाही, कारण तिथे आधीच तेल बसलेले आहे.

आता लोक काय काय करतात ते पाहू.

कोणी संडास-फरशीचे अॅसिड ओततात. फेस येतो, धूर येतो, वाटते काम झाले. पण अॅसिड तेलाला खात नाही, ते सिमेंटला खाते. फेस येतो तो सिमेंटचा. वरचा गुळगुळीत थर जातो, रेती उघडी पडते आणि पुढच्या वेळी तेल आणखी खोल मुरते. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो छातीला घातक आहे.

कोणी डिझेल किंवा रॉकेल टाकून घासतात. त्याने वरची खपली सुटते खरी, पण तेल पातळ होऊन आत उतरते. डाग फिकट दिसतो आणि वास दुप्पट होतो. कोणी पेट्रोल टाकतात. शेजारी धानाचे पुंजणे, इकडे तणशीचा ढीग आणि मध्ये पेट्रोल! एक ठिणगी पुरे. हा उपाय मनातही आणू नका.

कोणी वरून सिमेंटचा पातळ हात मारतात. तेलकट जागेवर सिमेंट धरत नाही. एका उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात, आणि ते खडे पुन्हा धानात जातात.

योग्य रीत : आधी सैल करा, मग शोषून घ्या

यासाठी लागणारे सामान घरात, गावात मिळते : धुण्याचा सोडा, कपडे धुण्याची पावडर, गरम पाणी, काथ्याचा किंवा प्लास्टिकचा कडक ब्रश, प्लास्टिकचा जुना तुकडा, आणि आपल्या भागात भरपूर असलेली वस्तू म्हणजे धानाच्या तुसाची राख. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या भट्टीत तूस जळते, त्याची राख मिळते. नुसते तूस तेल नीट शोषत नाही, त्याच्या अंगाला मेणचट थर असतो. ते जळून राख झाली की मात्र तिला असंख्य बारीक छिद्रे पडतात आणि ती तेल पिऊन घेते. राख पूर्ण थंड झालेलीच आणावी. ती उडते आणि छातीत जाते, म्हणून नाकातोंडाला ओले फडके बांधावे. राख नसेल तर खडूची भुकटी किंवा लाकडाचा बारीक भुसा चालेल. कळीचा चुना मात्र वापरू नये, तो हाताला आणि डोळ्याला भाजतो.

पहिली पायरी. जागा कोरडी असू द्या. खुरपीने किंवा पत्र्याच्या पट्टीने वरची काळी खपली खरवडून काढा. ती झाडून सुपात नव्हे, जुन्या डब्यात भरा. डागाभोवती मातीची किंवा राखेची चार बोटे उंच पाळ घाला, म्हणजे पाणी बाहेर जाणार नाही.

दुसरी पायरी. पाच लिटर चांगले गरम पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. त्यात पाव किलो धुण्याचा सोडा आणि दोन मुठी कपड्याची पावडर विरघळवा. धुण्याचा सोडा म्हणतोय, खाण्याचा नाही, आणि कॉस्टिकही नाही. हे पाणी जर्मनच्या भांड्यात करू नका, सोडा त्या भांड्याला खातो. हातात रबरी मोजे घाला, नसतील तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. लेकरांना दूर ठेवा. डोळ्यात उडाले तर लगेच साध्या पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात दाखवा.

तिसरी पायरी. यातले थोडे पाणी डागावर ओता आणि अर्धा तास राहू द्या. सुकायला लागले तर वरून पुन्हा थोडे शिंपडा. मग ब्रशने जोर लावून घासा. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे कोब्यात अडकतात, गंजतात आणि काळ्या डागाच्या जागी तांबडा डाग येतो. घासून काळे पाणी निघाले की त्यावर राख टाका. राख पाणी पिऊन घेईल. ती गोळा करून डब्यात भरा.

चौथी पायरी, आणि हीच खरी. उरलेल्या सोड्याच्या पाण्यात राख कालवून भज्याच्या पिठापेक्षा थोडा घट्ट लेप करा. दोन वीत लांब-रुंद डागाला अर्धे घमेले राख पुरते. डागाच्या चार बोटे बाहेरपर्यंत हा लेप बोटाच्या जाडीने थापा आणि चांगला दाबून बसवा. वरून प्लास्टिक झाका आणि कडांना विटा ठेवा. एक दिवस, एक रात्र तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. वाळून भेगा पडल्या की खरवडून काढा.

हे काम कसे करते? झाकलेल्या लेपातले पाणी कोब्याच्या बारीक वाटांत उतरते आणि साबणाच्या गुणाने तेलाला सैल करते. प्लास्टिक काढले की लेप वरून वाळू लागतो. वाळणारा लेप खालचे पाणी वर ओढतो आणि त्या पाण्याबरोबर तेलही वर येऊन राखेत अडकते. वात जशी तेल वर ओढते, तसेच हे. म्हणून लेप ओला असताना काढायचा नाही. वाळतानाच तो काम करतो.

एका लेपाने वर्षानुवर्षांचा डाग जाणार नाही. दोन, तीन, कधी चार वेळा लेप द्यावा लागतो. शेवटी थोड्या स्वच्छ पाण्याने जागा पुसून घ्यावी, म्हणजे सोडा मागे राहत नाही.

हे काम केव्हा करावे?

एप्रिल-मे महिन्यात. ब्रह्मपुरीचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हा ताप आपल्या कामाचा आहे. गरम कोब्यात तेल पातळ होते आणि लवकर सुटते. मात्र सोड्याचे पाणी भर दुपारी टाकले तर ते क्षणात सुकते, म्हणून घासायचे काम सकाळी लवकर उरका. दुपारची उन्हं लेप वाळवायला सोडा. धान चुरायच्या आदल्या दिवशी डाग काढायला बसलात तर लेप वाळायला वेळ मिळणार नाही आणि घाईत धान ओल्या जागेवर पडेल.

डाग गेला की नाही, कसे ओळखावे?

रंगावर जाऊ नका. फार जुन्या डागाची करडी सावली राहते आणि ती राहू द्यावी. आपल्याला तेल काढायचे आहे, कोबा पांढरा करायचा नाही. दोन परीक्षा सांगतो.

एक, पाण्याची परीक्षा. कोरड्या जागेवर पाण्याचे चार थेंब टाका. तलावातल्या कमळाच्या पानावर राहतात तसे थेंब गोल उभे राहिले तर तेल अजून आहे. पाणी बाजूच्या कोब्यासारखे मुरले तर वरचा थर मोकळा झाला.

दोन, कागदाची परीक्षा. दुपारच्या उन्हात त्या जागेवर कोरा कागद ठेवा, वर सपाट दगड ठेवा. दोन तासांनी कागद उजेडाकडे धरून पाहा. भज्याच्या कागदासारखा पारदर्शक डाग दिसला तर आत तेल आहे. कागदाचा वासही घ्या. कागद कोरा आणि वास नाही, तर जागा धानाला चालेल.

दोन्ही परीक्षा पार पडेपर्यंत त्या जागेभोवती चुन्याची रेघ मारून ठेवा आणि धान तिच्या बाहेर वाळवा. घाई असेल तर जाड ताडपत्री अंथरा. पण ताडपत्री स्वच्छ हवी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतली, डिझेलचे डबे झाकलेली ताडपत्री नको.

चार लेप देऊनही जागा सुधारली नाही, तर ते तेल खोल गेले आहे. मग तेवढा तुकडा फोडून काढावा. तेलाचा रंग संपेपर्यंत खाली जावे, कडा सरळ कापाव्यात, आणि एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी या मापाने नवा कोबा भरावा. त्याला किमान सात दिवस पाणी मारावे. खर्च होतो, पण एकदाच होतो.

ताजे तेल सांडले तर

सांडल्याबरोबर पाणी ओतू नका. पाणी तेलाला पसरवते. आधी राख, भुसा किंवा कोरडी माती टाका, विटेने हलक्या हाताने दाबा, रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. ताज्या तेलाचे निम्मे काम इथेच होते. म्हणून हंगामात खळ्याच्या कोपऱ्यात राखेचे एक पोते भरून ठेवावे.

खळे मातीचे असेल तर लेप, सोडा काही नको. तेलाचा रंग दिसतो त्याच्या चार बोटे बाहेर आणि चार बोटे खाली माती उकरून काढा. तिथे स्वच्छ मुरूम-माती भरा, ठोका आणि सारवा. काढलेली माती खताच्या खड्ड्यात टाकू नका.

सगळी तेले सारखी नसतात

इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस ही जमिनीच्या पोटातून निघालेली तेले. त्यांना सोडा एकटा पुरत नाही, साबणाची पावडर सोबत लागते. मोहाच्या बियांचे म्हणजे टोळीचे तेल किंवा खायचे तेल सांडले असेल, तर गरम सोड्याच्या पाण्याने त्याचा थोडा साबणच बनतो आणि डाग लवकर निघतो. टोळीचे तेल थंडीत गोठते, म्हणून पाणी चांगले कढत हवे.

जवसाच्या तेलाची जात निराळी. आपल्याकडे धानाच्या बांधीत मागाहून जवस, लाखोळी टाकतात आणि जवसाचे तेल घरोघरी असते. हे तेल हवेत वाळून कातड्यासारखे चिवट होते. जुने झाले की ते खरवडूनच काढावे लागते. आणखी एक जपायची गोष्ट. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवला तर तो आपोआप तापतो आणि कधी कधी पेट घेतो. अशा चिंध्या पुंजण्याजवळ, तणशीत कधी टाकू नयेत. पाण्यात बुडवून, मग पसरून वाळवाव्यात.

जळक्या ऑइलचे काय करायचे?

आता मूळ प्रश्न. डाग काढला, पण ट्रॅक्टरमधून निघालेले काळे ऑइल कुठे टाकायचे? या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि जळालेल्या तेलाची विषारी द्रव्ये असतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ते नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे.

आपल्याकडे मात्र ते जनावराच्या जखमेला लावतात, शिंगाला लावतात, दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासतात, ढोलीच्या खालच्या फळ्यांना लावतात. कोणी बांधीतल्या पाण्यात किड्यांसाठी टाकतात. हे सगळे बंद करायला हवे. जखमेवर ते औषध नाही, विष आहे. ढोलीच्या फळीला लावले तर वास धान्यात जातो. बांधीत टाकले तर बांधीचे पाणी खालच्या बोडीत उतरते आणि मासे जातात. चुलीत जाळले तर धूर घरातल्या बायामाणसांच्या छातीत जातो. उघड्या हाताने वारंवार हाताळणेही कातडीला बरे नाही.

मग उपाय? गावातल्या चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून झाकणाचा एक ड्रम ठेवावा. त्यात फक्त जळके ऑइल भरावे. पाणी, डिझेल, फवारणीचे औषध त्यात मिसळू नये, मिसळले तर घेणारा घेत नाही. ड्रम भरला की तालुक्याच्या ठिकाणी जिथे गाड्यांचे ऑइल बदलतात तिथे चौकशी करावी आणि नोंदणी असलेल्या खरेदीदारालाच द्यावे. तेलकट राख आणि तेलकट मातीही वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवून त्याच वेळी विचारावे. चूल, खताचा खड्डा आणि नाला, या तीन ठिकाणी ती जाता कामा नये.

ड्रम ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचे. विहिरीपासून लांब आणि उंचावर. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या शेवटी गोसीखुर्द धरणातून पाणी सोडले आणि वैनगंगेला मोठा पूर आला, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी घरात शिरले. अशा वेळी डिझेलचा कॅन, ऑइलचा डबा उपडा झाला तर ते तेल सगळ्या गावाच्या विहिरींवर आणि बांध्यांवर पसरते. म्हणून नदीकाठच्या गावांनी पावसाळ्याआधीच डबे माळ्यावर किंवा उंच ओट्यावर बांधून ठेवावेत.

मोठ्या प्रमाणावर हेच कसे होते ते मुंबईने पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. किनाऱ्याच्या तिवरांना काळा थर बसला आणि मासेमारांचे काम थांबले. समुद्राला तेल भारी पडते, तिथे आपल्या बोडीचे काय?

डाग पडूच नये म्हणून

ट्रॅक्टर उभा करायची जागा खळ्यापासून वेगळी ठेवा. खळ्याच्या उताराच्या खालच्या बाजूला मुरमाची जागा करा. जागा एकच असेल तर इंजिनाखाली राख भरलेले जुने घमेले सरकवून ठेवायची सवय लावा. मळणीयंत्र भाड्याने येते, तेव्हा ते खळ्यात शिरण्याआधी खाली वाकून पाहा. तेल गळत असेल तर यंत्रवाल्याला सांगा, दादा, आधी खाली ताडपत्री टाका, मग यंत्र लावा. यात संकोच कसला? धान आपले आहे. डिझेल भरताना चाडी वापरा आणि खाली फडके धरा. ऑइल बदलताना खालच्या नटाचा वायसर पाहून घ्या. पुष्कळदा थेंब थेंब गळती होते ती त्या छोट्या वायसरमुळेच, आणि तो बदलायला फारसा खर्च येत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. ताज्या तेलावर पाणी नको, राख टाका.
२. अॅसिड, पेट्रोल, रॉकेल वापरू नका.
३. जुन्या डागाला गरम सोड्याचे पाणी, मग राखेचा लेप. एक दिवस झाका, मग पूर्ण वाळू द्या. दोन ते चार वेळा करा.
४. पाण्याची आणि कागदाची परीक्षा झाल्याशिवाय त्या जागेवर धान टाकू नका.
५. काळे पाणी, तेलकट राख आणि जळके ऑइल विहीर, बोडी, चूल, खत यांपासून दूर ठेवा.
६. हे काम उन्हाळ्यात उरका.

बंधूंनो आणि भगिनींनो, पऱ्हे टाकण्यापासून कापणीपर्यंत चार-पाच महिने आपण धानाला जपतो. त्याचा शेवटचा मुक्काम खळ्यावर असतो, तिथेही त्याला जपायला हवे. येत्या उन्हाळ्यात एक सकाळ काढा, खळ्यावर चार थेंब पाणी टाकून पाहा, आणि थेंब उभे राहिले तर राखेचे घमेले घेऊन कामाला लागा. हे पत्रक वाचून झाले की शेजारी द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.